गाडीमागचा माणूस

सीटवर बसायचं आणि काही करायचं नाही, एवढंच माझं काम होतं. ऐकायला मजेचं वाटतं, पण एकदा बसून बघा. समोर स्टिअरिंग आपलं आपण फिरतंय, गाडी आपली आपण वळतेय आणि इतकी वर्षं चाक धरलेले तुमचे दोन हात मांडीवर पडलेत, पंगतीत बसून वाढप्याची वाट बघितल्यासारखे. पहिल्या दिवशी माझे खांदे असे काही दुखले, की तेवढे इंदूरला जाऊन येऊनही कधी दुखले नव्हते.

कल्याणहून पडघ्याकडे जाताना गोदामांचं एक मोठं पार्क लागतं. बाहेरगावचे कंटेनर तिथल्या यार्डात येऊन थांबतात. ते उचलून गोदामाच्या डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या ओट्याला, नेऊन लावायचे हे आम्हा आतल्या ड्रायव्हरांचं काम. बाहेरचे ड्रायव्हर आम्हाला हसायचे. अंगणात गाड्या फिरवता म्हणायचे. हसू देत. या नोकरीत एक गोष्ट होती जी लाइनवरच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या, ड्रायव्हरला आयुष्यभर मिळत नाही. संध्याकाळी घरी जायला मिळायचं. मी लाइनवर होतो तेव्हा माझी मुलगी सान्वी चार वर्षांची होईपर्यंत मला बघून आईच्या मागे लपायची. पार्कात लागल्यावर ती माझ्या ताटात जेवायला लागली. अजून काय पाहिजे माणसाला?

आणि मग दिवाळीनंतर जावई आला.

जावई हे नाव आम्ही दिलेलं. कंपनीने इंग्रजी काहीतरी ठेवलं होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. पांढराशुभ्र ट्रक, अंगावर जिकडेतिकडे कॅमेरे, त्याला वेगळी शेड, रोज आंघोळ, पुसायला मऊ फडकं. आमच्या गाड्यांना कधी साधी ताडपत्री मिळाली नव्हती. इतके लाड जावयाशिवाय कुणाचे होतात? पहिल्या दिवशी मॅनेजरने नारळ फोडला आणि चाकापुढे हातभर अंतरावर लिंबू ठेवलं. झालं, गाडी हलायलाच तयार नाही. लिंबू दिसलं की थांबायची. शेवटी इंजिनिअर मॅडमनी ते लिंबू उचलून खिशात टाकलं तेव्हा जावई निघाले. आम्ही पोट धरून हसलो. त्या हसण्याचा मला आता संताप येतो. एवढंसं लिंबू ज्याला दिसतं त्याला काय काय दिसत असेल, हा विचार आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नाही.

मला त्या गाडीत बसवलं, कारण माझा रेकॉर्ड चांगला होता. नियम असा होता की गाडी चुकतेय असं वाटलं तर मी ब्रेक दाबायचा. ब्रेकला माझा पाय लागला की सगळ्या यार्डात भोंगा वाजायचा आणि गाडीचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. अख्खा महिना ब्रेकला पाय लागला नाही, तर गाडी पास. गाडी पास झाली की तिच्यासारख्या आणखी गाड्या येणार आणि आम्ही सगळे घरी. म्हणजे पार्कातल्या सगळ्या ड्रायव्हरांची भाकरी माझ्या उजव्या पायावर येऊन ठेपली होती. असा पाय देव वैऱ्यालाही न देवो.

चहाच्या टपरीवर दुसरा विषयच नव्हता. प्रीतम आमच्यात सगळ्यात तापट.

"एक दगड, भाई. एकच दगड घालतो कॅमेऱ्यावर. जावई आंधळा, किस्सा खतम."

"आणि तू आत," कुणीतरी म्हणालं.

"आपल्याकडे नाय चालणार हे," सहदेव म्हणाला. "सोडा ना याला शिळफाट्याला. तिथली रिक्षा, टेम्पो, बाइक बघून जागेवर रडायला लागला नाही तर मिशी उतरवतो."

"त्याला शिळफाट्याला जायचंच नाहीये ना पण. त्याला डॉकलाच जायचंय."

सहदेवने कंबर चोळली. मग म्हणाला, "एका परीने बरंच आहे रे. पाठ गेली माझी. पोराला काय मी ड्रायव्हर करणार नाय."

"पोराचं सोड. तू काय करणार?"

त्याने चहाचा कप फेकला आणि उठून गेला. सगळ्यांचं तेच होतं. मशीन चांगलं की वाईट यावर तासभर बोलायचो आणि शेवटी या प्रश्नापाशी येऊन थांबायचो.

धोंडीबा मात्र या गप्पांत कधी बोलायचे नाहीत. धोंडीबा म्हणजे माझे उस्ताद. मूळचे पारनेरकडचे, राहायला टिटवाळ्याला. मिसरूड फुटायच्या आधी मी त्यांच्या गाडीवर क्लीनर म्हणून चढलो आणि त्यांच्याच हाताखाली ड्रायव्हर झालो. गाडी मागे घेताना क्लीनरने खाली उतरून मागे उभं राहायचं असतं. बॉडीवर हाताने दोन-दोन थापा मारत 'आन दे, आन दे' ओरडायचं, म्हणजे येऊ दे. एकच जोरात मारली की थांब. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलेलं अजून कानात आहे. "मागं उभा राहिलास की तू मला दिसत नाहीस. तुझा हात ऐकू येतो तेवढाच तू."

धोंडीबांचं वय झालं होतं. लाइनवर त्यांना आता कुणी गाडी देत नव्हतं. पार्कातली नोकरी गेली तर पुढे काहीच नव्हतं, आणि हे ते कुणाहीपेक्षा जास्त ओळखून होते. त्यांची बायको मालनमामी एकदा मला म्हणाल्या होत्या, "लग्नाला एवढी वर्षं झाली, पण संसार आत्ता सुरू झालाय बघ आमचा." संध्याकाळी धोंडीबा जाताना कधी मेथी, कधी चवळी घेऊन जायचे आणि बिल्डिंगच्या खाली बसून दोघं ती निवडायची.

पंधरा दिवस झाले, जावई चुकला नाही. मला रोज वेगवेगळे लोक बाजूला घ्यायचे. "दाब की रे एकदा. कोणाला कळतंय?" एके दिवशी वळणावर कुत्रं आडवं आलं आणि मी दाबला. भोंगा वाजला. पोरांनी लांबून हात वर केले. इंजिनिअर हेमांगी मॅडम टॅबलेट घेऊन धावत आल्या. डोंबिवलीची पोरगी, वागायला अगदी सरळ, मला दादा म्हणायची. तिच्यावर राग काढावा तर तोही काढता येत नव्हता.

"रतनदादा, हे बघा." तिने पडद्यावर दाखवलं. "तुमचा पाय पडायच्या आधीच ती थांबायला लागलेली. त्यामुळे हा मोजला जाणार नाही. आणि दादा, तुमच्यावरही कॅमेरा आहे. वरच्यांनी बघितलं. पुन्हा उगाच दाबला तर तुम्हाला काढतील. प्लीज."

त्या दिवसापासून पोरं माझ्याशी बोलायची बंद झाली. प्रीतम तोंडावर म्हणाला, "आम्ही बुडतोय आणि तू एसीत बसलायस." मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. पण धरून काय सांगणार होतो? एसी तर चालूच होता.

रविवारी धोंडीबा शहाडला माझ्या घरी आले. शालनने, माझ्या बायकोने, चहा ठेवला. त्यांनी सान्वीला राजगिऱ्याची वडी दिली, तिला खेळायला पिटाळलं आणि चहा हातात घेऊन म्हणाले, "रतन, खोटा ब्रेक चालत नाय ना? मग खरा दाब."

"ती चुकतच नाही, उस्ताद."

"चुकंल. कुठं चुकंल ते मला ठाऊक आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "गाडी कुठलीबी असू दे, शेपटामागं ती आंधळीच. आरशात कडेचं दिसतं. बरोब्बर मागचं कुणाला दिसलंय आजपर्यंत? तुला दिसतं? मला दिसलं कधी? कोपऱ्यातल्या डॉकला दोन्ही बाजूंनी भिंत आहे. ती मागं यायला लागली की मी मधे उभा राहणार. जवळ आली की एक हात मारीन. तू दाब. माणूस मागं होता आणि तिला दिसला नाय. यात खोटं काय आहे?"

मला ते पटलं. आज विचार केला तर अंगावर काटा येतो, पण तेव्हा पटलं. कुठलाही ड्रायव्हर असता तरी त्याला पटलं असतं. गाडीची आंधळी जागा आम्हाला पाठ असते. झोपेत उठवून विचारा, सांगू. ती जागा गाडीची नसून आमची आहे, आमच्या मानेची आणि आमच्या डोळ्यांची, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

शालनला मात्र ते ऐकवेना. ती दारातूनच म्हणाली, "मामा, असलं काही करू नका. मामींना काय सांगायचं आम्ही?"

"अगं, हा आहे ना आत. याचा पाय मी तयार केलाय."

"आणि याचा पाय चुकला तर?"

धोंडीबांनी रिकामा कप बशीत फिरवला. मग हळूच म्हणाले, "नोकरी गेल्यावर मी घरात बसून काय करू, शालन? लोकांच्या पोरांना शाळेत सोडू? मला दुसरं काय येत नाय गं." माझ्या उस्तादांना मी तोवर कधी असं बघितलं नव्हतं. मी हो म्हणालो. त्यांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणायची माझ्यात ताकद नव्हती.

बुधवारी दुपारी कोपऱ्यातल्या डॉकचा कंटेनर आला. जेवणाची वेळ, माणसं पांगलेली. मी काच खाली केली. जावयाने झोकात वळण घेतलं, शेपूट भिंतीच्या सरळ रेषेत आणलं आणि मागे यायला लागला. डाव्या आरशात मला धोंडीबा दिसले. खाकी शर्ट, डोक्याला रुमाल. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि कंटेनरच्या मागे गेले. आरसा रिकामा झाला.

गाडी मागे सरकत होती. मी पाय ब्रेकवर अधांतरी धरला. कान मागे. छाती अशी धडधडत होती की थाप ऐकू येईल की नाही याचीच भीती वाटायला लागली.

थाप आली. पण एक नाही आली. दोन आल्या. मग पुन्हा दोन.

"आन दे, आन दे."

क्लीनर असल्यापासून ज्यांच्या तोंडात-कानात तेच शब्द, त्यांचा हात आपल्या सवयीने चालला होता. स्वतःच्याच अंगावर ते गाडी बोलावत होते. मला कळेना, दाबू का थांबू? त्यांनी तर सांगितलं होतं एक हात. दोन म्हणजे येऊ दे. माझ्या पायाला त्यांनीच लहानपणापासून शिकवलेलं होतं, दोन म्हणजे येऊ दे. पाय हलेना. शपथेवर सांगतो, मला दाबायचा होता, पण पाय माझं ऐकत नव्हता, तो त्यांच्या हाताचं ऐकत होता.

आणि गाडी थांबली.

माझा पाय नंतर पडला. थांबलेल्या गाडीचा ब्रेक मी सगळ्या ताकदीने दाबला आणि भोंगा बोंबलायला लागला. मी उडी मारून मागे धावलो. कंटेनर आणि डॉक यांच्यामध्ये दीड-दोन हातांची जागा होती. त्यात धोंडीबा उभे होते, एक तळवा अजून पत्र्यावर टेकलेला. कंटेनरखाली जावयाच्या ट्रेलरला मागे बसवलेल्या छोट्याशा काळ्या डोळ्याकडे ते वाकून बघत होते.

"उस्ताद! उस्ताद, लागलं का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं.

"दिसलो रे मी तिला," ते म्हणाले. "एवढी वर्षं गाडी चालवली. मागं उभा असलेला माणूस मला एकदाबी दिसला नाय. तिला दिसलो."

हेमांगी धावत आली. तिने आधी धोंडीबांचे हात-पाय चाचपले, मग रडवेली होऊन मला ओरडली, मग त्यांना ओरडली. मग तिने टॅबलेट उघडला. आणि तिच्या चेहऱ्यावर, बिचारीने लपवायचा प्रयत्न केला, पण जो आनंद आला तो मी बघितला. गाडी तिच्या हातचं पोर होतं. पोर पास झालं होतं.

त्यानंतर कामावरून काढतील म्हणून आम्ही दोन दिवस वाट बघितली. काढलं नाही. तो व्हिडिओ वर गेला होता, तिथून आणखी वर गेला होता. सगळे खूश. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने धोंडीबांना आणि मला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. हेमांगी खिडकीपाशी मान खाली घालून उभी होती.

"काका, आम्ही आतापर्यंत टेस्टिंगला पुतळा ठेवायचो," मॅनेजर म्हणाला. "पण पुतळा तो पुतळा. खरा माणूस चालतो, वाकतो, मधेच वळतो. नवीन गाड्या येतायत. प्रत्येकीची टेस्ट घ्यायची. तुम्ही नुसतं मागे उभं राहायचं. कधी पुढे. पर्मनंट काम आहे."

"सर, मी लेखी दिलंय, हे बरोबर नाही," हेमांगी म्हणाली.

"मॅडम, तुमचीच गाडी आहे ना? भरवसा नाही का तुमचा?"

ती टॅबलेट छातीशी धरून खिडकीबाहेर बघायला लागली. मी उठलो. माझं डोकं फिरलं होतं. "चला उस्ताद," मी म्हणालो. "हे माणसाचं काम आहे का? चला."

धोंडीबा उठले नाहीत. त्यांनी मॅनेजरला एकच विचारलं, "सुट्टी किती वाजता व्हते?"

"सहाला. जनरल शिफ्ट."

"मग चालंल," ते म्हणाले.

महिना संपला, जावई पास झाला. ट्रेलरवर लादून त्याचे भाऊबंद आले, एकसारखे पांढरे. धोंडीबा सोडून आमचे सगळ्यांचे गेटपास जमा करून घेतले. प्रीतम गेटवर धोंडीबांच्या पायाशी थुंकला आणि म्हणाला, "फितूर म्हातारा." धोंडीबांनी पाय मागे घेतला नाही. प्रीतम आता कुठल्याशा अ‍ॅपची पार्सलं वाटतो, सहदेव गावी गेला. मला पुन्हा लाइनवरची गाडी मिळाली. सान्वी फोनवर बोलते. आधी रोज बोलायची, हल्ली शालन तिला हाका मारते आणि ती आतून ओरडते, "पप्पांना सांग, नंतर."

मागच्या आठवड्यात हैदराबादहून माल घेऊन मी त्याच पार्कात आलो. आता बाहेरच्या ड्रायव्हरला आत सोडत नाहीत. कंटेनर गेटपाशी सोडायचा, आतली गाडी येऊन घेऊन जाते. मी जाळीपाशी उभा राहिलो. ऊन कलतं होतं. पलीकडे कोपऱ्यातला डॉक दिसत होता आणि नारिंगी जाकीट घातलेले धोंडीबा तिथे भिंतीला पाठ लावून उभे होते. बारीक झाले होते. खांबाला त्यांची पिशवी अडकवलेली होती आणि तिच्यातून भाजीची जुडी बाहेर डोकावत होती.

एक पांढरी गाडी मागे यायला लागली. केबिनमध्ये कुणी नव्हतं. काचा बंद, सीटवर अजून प्लास्टिक तसंच.

धोंडीबांचा हात उठला. कंटेनर हाताशी आला तशा त्यांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या. मग पुन्हा दोन. आवाज जाळीपर्यंत आला. "आन दे, आन दे." कुणाला सांगत होते? त्या गाडीला कान नव्हते. मी जाळी धरून ओरडलो, "उस्ताद! एक मारा! एकच!" पण तोवर मधे बाहेरच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते.

गाडी थांबली. दूर खुर्चीवर बसलेल्या माणसाने काहीतरी लिहून घेतलं आणि बोट वर करून पुन्हा म्हणून खुणावलं. गाडी पुढे गेली. धोंडीबा भिंतीपासून एक पाऊल पुढे सरकून उभे राहिले आणि गाडी परत मागे येऊ लागली.

माझा उजवा पाय गेटबाहेरच्या धुळीत टाचेसकट रुतला होता. मी तो तसाच दाबून धरला होता.